लांब नळी, आखूड नळी

पिस्तुलाचा परवाना हातात आला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि माझा डावा खांदा पुरता वर जात नव्हता. हाड जुळलं होतं, पण शर्ट घालताना अजून आधी डावी बाही चढवावी लागायची.

आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. वडिलांचा जन्म मिठागरात गेला. त्यांच्या पायांना पडलेल्या भेगा शेवटपर्यंत बुजल्या नाहीत. मिठागरं बंद पडली तसे आम्ही दोघे भाऊ वाहतुकीच्या धंद्यात शिरलो. एक जुना ट्रक घेतला, मग डंपर. धाकटा गाड्या बघायचा, मी ऑफिस. ऑफिस म्हणजे हमरस्त्याला लागून असलेला पत्र्याचा गाळा, त्यात एक टेबल, चार खुर्च्या आणि मागे टायर.

खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत भराव पडायला लागला तेव्हा त्या कामासाठी आम्हालाही विचारणा झाली होती. मी नाही म्हटलं. तिथवर ठीक होतं. पण पुढच्याच उधाणाला आमच्या खालच्या आळीतल्या सात घरांत पाणी शिरलं, आणि मी तहसीलदारांकडे लेखी तक्रार दिली, फोटो जोडून. तक्रारदाराचं नाव गुप्त राहील असं मला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी भराव करणाऱ्या ठेकेदाराचा माणूस ऑफिसात येऊन बसला. पांढरा शर्ट, बोलणं अगदी मऊ. चहा प्यायला आणि म्हणाला, "शेट, तुमच्या गाड्या पण रस्त्यावरूनच जातात ना?" एवढंच. दोन महिन्यांनी काशीदहून मोटरसायकलवर परत येत असताना मागून दोघे जण आले आणि चालत्या गाडीवर त्यांनी माझ्या खांद्यात सळई घातली. ते कोण होते हे आजपर्यंत पोलिसांना कळलेलं नाही. मला कळलं होतं, पण पुरावा नव्हता.

म्हणून परवाना. आणि पिस्तूल मला काही नवीन नव्हतं.

त्याच्या आधी दहाएक वर्षं मी नेमबाजी करत होतो. एका ओळखीच्या डॉक्टरांबरोबर सहज म्हणून रेंजवर गेलो आणि अडकलो. आधी एअर पिस्तूल, मग क्लबच्या मालकीचं जुनं बत्तीस बोअरचं, पंचवीस मीटरवर. धंद्यातली कटकट, फोन, ड्रायव्हरांची भांडणं, सगळं त्या कागदी वर्तुळापाशी थांबायचं. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, बोट हळू दाबत न्यायचं. गोळी कधी सुटली हे आपल्यालाच कळता कामा नये, असं आम्हाला शिकवणारे चाचा म्हणायचे. चाचा म्हसळ्याचे, कोकणी मुसलमान. नौदलाच्या शस्त्रागारात त्यांनी नोकरी केली होती आणि निवृत्तीनंतर क्लबची हत्यारं दुरुस्त करायचे. सत्तरी उलटली होती, पण त्यांचा हात कधी हलला नाही.

अर्ज, पोलिसांची चौकशी, डॉक्टरांचा दाखला, क्लबचं प्रशिक्षणाचं पत्र, अलिबागला कलेक्टर ऑफिसच्या फेऱ्या. यात वर्ष उलटून गेलं. शेवटी परवाना मिळाला तो स्वसंरक्षणासाठी, एका हत्याराचा. दुसऱ्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज करा, बघू, असं तिथल्या कारकुनाने सांगितलं.

एकच घ्यायचं होतं, त्यामुळे मी विचारात पडलो. कंबरेला लावायचं पिस्तूल आणि स्पर्धेला न्यायचं पिस्तूल ही दोन वेगळी कामं आहेत. क्लबचं जुनं पिस्तूल आता झिजलं होतं, गोळ्या वाटेल तिकडे जात होत्या. स्वतःचं, नवं, माझ्या हाताला बसणारं पिस्तूल हवं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आता ते सरकारी कागदावर मिळत होतं, फक्त कारण वेगळं होतं.

नव्या देशी कंपन्यांची दोन पिस्तुलं मी निवडून ठेवली. दोन्ही बत्तीस बोअरची, दोन्ही स्ट्रायकरची. जुन्या पिस्तुलाला मागे घोडा असतो, तो मागे ओढलेला आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. स्ट्रायकरच्या पिस्तुलाला बाहेर घोडाच नसतो. आत स्प्रिंगवर ताणलेली एक टाचणी असते, ती ट्रिगर दाबला की सुटते आणि गोळीच्या बुडावर आदळते. बाहेरून सगळं गुळगुळीत, कापडात अडकायला काही नाही. पण ते तयार आहे की शांत आहे, हे बघून कळत नाही.

त्यातलं एक लांब नळीचं, पूर्ण मुठीचं. ट्रिगर हलका आणि स्वच्छ. अंगठ्यापाशी सेफ्टीची कळ. रेंजसाठी एकदम योग्य, पण शर्टाखाली लपत नव्हतं. दुसरं आखूड, चपटं, खिशातल्या पाकिटापेक्षा थोडं जाड. अंगठ्याची कळ नाही. सेफ्टी म्हणजे फक्त ट्रिगरच्या मधोमध एक बारीक पातं. बोट नीट बसल्याशिवाय ते दबत नाही. ट्रिगर जड, शेवटी थोडा खरखरीत.

दीड-दोन महिने मी या दोघांत घोळत होतो. व्हिडिओ बघायचो, क्लबातल्या लोकांना फोन करायचो, वहीत दोन रकाने पाडून वजन, लांबी, मूठ, ट्रिगर असं लिहायचो. खरं सांगायचं तर ते दिवस मजेत गेले. माझा खांदा फोडला होता, माझ्या बायकोने घरासमोर अनोळखी मोटरसायकल थांबली की दार लावून घ्यायला सुरुवात केली होती, आणि मी नव्या पिस्तुलाच्या मुठीवरच्या खाचांचा विचार करत होतो. भीती गेली नव्हती. मी तिचा नाद करून टाकला होता.

दुकानात मी, धाकटा आणि चाचा असे तिघे गेलो. दुकानदार गुजराती, म्हातारा, अदबशीर. दोन्ही पिस्तुलं त्याने हिरव्या कापडावर मांडली. चाचांनी दोन्ही उघडून बघितली, रिकामी असल्याची खात्री केली, गोळी बसते त्या घरात करंगळीचं टोकसुद्धा लावून पाहिलं, आणि मग माझ्या हातात दिली.

लांब पिस्तूल हातात घेतलं आणि मला वाटलं, हेच. ट्रिगर काच तुटल्यासारखा सुटला. आखूड घेतलं तर करंगळी हवेत.

"आ बहु सेफ छे," दुकानदार आखूड पिस्तुलावर बोट ठेवून म्हणाला. "खाली पडलं तरी उडणार नाही. आत अडसर आहे. ट्रिगर दाबल्याशिवाय टाचणी पुढे जातच नाही."

धाकटा एवढा वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "दादा, घेतंस तर कंबरंला बसंल असं घे. नायतर कपाटात ठेवून काय त्याची पूजा करशील?"

चाचांनी मला बाजूला घेतलं.

"माझं ऐकशील?"

"बोला ना चाचा."

"लांब घे. रेंजवर ने, घरी आण, कपाटात कुलपात ठेव. कंबरेला लावू नकोस."

"मग परवाना कशाला घेतला?"

"तुला मारायला आले ते मागून आले," चाचा म्हणाले. "तुझे दोन्ही हात हँडलवर होते. पिस्तूल असतं तर काय केलं असतंस?"

त्यांचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला राग आला. मी आखूड पिस्तूल घेतलं. पण मनातून लांबही सुटलं नव्हतं. आखूड पिस्तुलानेच स्पर्धाही खेळू, सराव केला की हात बसेल, असं मी ठरवून टाकलं. घरी येताना धाकटा गाडी चालवत होता आणि चाचा मागच्या सीटवर बाहेर बघत होते.

पिस्तूल कंबरेला आल्यावर मी सुरक्षित झालो का, ते मला सांगता येणार नाही. बदललो मात्र नक्की. कुठेही गेलो की पाठ भिंतीकडे करून बसायचो. उकाड्यातही शर्ट बाहेर सोडायचो. लग्नाच्या पंगतीत बसलो तर पानावर वाकताना ते पोटात रुतायचं. एकदा पेट्रोल पंपावर मागून कोणीतरी माझ्या पाठीला हात लावला आणि माझा उजवा हात आपोआप शर्टाखाली गेला. वळून पाहिलं तर आमच्याच शेजारच्या गावातली एक म्हातारी कोळीण होती, मासळीची टोपली घेऊन. रिक्षा कुठे मिळेल ते विचारत होती. माझा चेहरा बघून ती दोन पावलं मागे सरली.

बायकोला मी हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आधी एकटे तुम्ही घाबरलेले होता. आता तुमच्याकडं बघून लोक घाबरतात. यातनं मिळालं काय?"

त्या हिवाळ्यात क्लबांच्या आपसातल्या सामन्यात मी ते आखूड पिस्तूल घेऊन उतरलो. फार वाईट खेळलो. जड ट्रिगर ओढता ओढता नळी खाली जायची आणि गोळ्या वर्तुळाच्या बुडाशी लागायच्या. माझ्याकडून शिकलेली एक कॉलेजची मुलगी क्लबच्या झिजलेल्या पिस्तुलाने माझ्या पुढे गेली. मी हसून तिचं कौतुक केलं आणि गाडीत बसल्यावर बराच वेळ चावी फिरवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेलो. म्हटलं, "ट्रिगर थोडा हलका करून द्या."

"स्पर्धेसाठी?"

"हो."

"आणि कंबरेलाही हेच लावणार?"

मी पिस्तूल त्यांच्यापुढे सरकवलं.

"मग नाही करणार," चाचा म्हणाले. "त्याला अंगठ्याची कळ नाही. जड ट्रिगर हीच त्याची कळ आहे. ती तू काढून घ्यायला सांगतोयस."

मी दुसऱ्याकडून करून घेतला. नाव सांगत नाही, त्याचा दोष नाही; मी सांगितलं तेवढंच त्याने केलं. काम चोख झालं होतं. ट्रिगर आता लोण्यासारखा चालत होता. पुढच्या सामन्यात मी दुसरा आलो. चाचा टाळ्या वाजवत होते. त्यांना काही कळलं नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

पुढचा पावसाळा अर्धा सरला होता. माझ्या तक्रारीची सुनावणी अखेर प्रांत ऑफिसात लागली होती. सकाळी साडेनऊला मी आणि धाकटा ऑफिसात आलो. कागदांची फाईल घ्यायची आणि निघायचं, एवढंच काम होतं. बाहेर धो धो चाललं होतं. मी पावसाळी जाकीट घातलं होतं, कमरेपाशी आवळायला दोरी असते आणि दोरीच्या टोकाला प्लास्टिकचा मणी, तसलं. सरकारी ऑफिसात पिस्तूल नेऊ नये हे मला माहीत होतं. ते गाडीतल्या कुलपाच्या पेटीत ठेवायचं, पण रस्ताभर कंबरेला हवं, असं मी ठरवलं होतं. कारण त्याच दिवशी काही होण्याची शक्यता जास्त होती.

टेबलाच्या खणातून मी पिस्तूल काढलं. धाकटा समोरच्या खुर्चीवर बसून गमबूट चढवत होता. म्हणाला, "फाईलीत उधानाचं फोटू हायेत ना? मागच्या खेपंला साहेबानं तेच मागितलंन."

"आहेत," मी म्हटलं आणि त्याच्याकडे बघत बघतच पिस्तूल कंबरेच्या म्यानात सारलं.

ते पूर्ण बसलं नाही. काहीतरी अडतंय असं वाटलं. मी जोर लावला.

आवाज पत्र्याच्या गाळ्यात एवढा मोठा झाला की काही क्षण मला काहीच ऐकू येईना. मला वाटलं बाहेर टायर फुटला. मग दिसलं, धाकट्याचा गमबूट अर्धा चढलेला होता आणि तो दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरून खुर्चीवरून खाली सरकत होता. त्याच्या तोंडून ओरडणं निघालं नाही. "आरं," एवढंच म्हणाला, जसं काही कोणी चुकून पायावर पाय दिला.

जाकिटाच्या दोरीचा मणी पिस्तूल सारताना ट्रिगरच्या कड्यात गेला होता. मी जोर लावला तसं दोरीने बोटाचं काम केलं. ट्रिगरमधलं ते बारीक पातं मण्याने दाबलं. पूर्वीचा जड ट्रिगर असता तर कदाचित अडकून राहिला असता. कदाचित. हा शब्द मी तेव्हापासून रोज मनात घोळवतो.

गोळी माझ्या जाकिटाला भोक पाडून तिरकी खाली गेली आणि त्याच्या गुडघ्यात शिरून मागून बाहेर पडली. मी पट्ट्याने मांडी आवळली, ड्रायव्हरला हाक मारली, आम्ही दोघांनी त्याला गाडीत घातलं. अलिबागच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं की गुडघ्यामागची रक्तवाहिनी तुटली आहे, इथे होणार नाही, नवी मुंबईला न्या. रस्त्याला पाणी साचलेलं, वडखळला गाड्यांची रांग. अँब्युलन्सचा भोंगा वाजत होता आणि कोणालाही बाजूला व्हायला जागा नव्हती. धाकट्याने माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्याची बोटं थंड होत होती. वडखळच्या पुढे तो एकदाच बोलला. "सुनावनी गेली आज," म्हणाला.

त्या दुपारी हॉस्पिटलात पोलीस जबाब घ्यायला आले. धाकट्याला ऑपरेशनला न्यायचं होतं, घाई होती. तो शुद्धीवर होता. मी दाराशी उभा होतो. हवालदारांनी विचारलं, "कसं झालं?"

"टेबलावरून पडलं नि उडालं," धाकटा म्हणाला. "दादाचा हातच न्हवता त्याला."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर?"

मी मान हलवली. होय अशी.

ती मान मी का हलवली याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. भाऊ स्ट्रेचरवर होता, वाद घालायची वेळ नव्हती, नंतर सांगता आलं असतं. पण खरं कारण एवढंच की तो मला वाचवत होता आणि मला वाचायचं होतं.

रक्तवाहिनी जोडली, पण उशीर झाला होता. चौथ्या दिवशी पाय काळा पडायला लागला. डॉक्टरांनी मला आणि भावजयीला आत बोलावलं आणि कागद पुढे केला. भावजय शिकलेली आहे, तिने प्रत्येक ओळ वाचली. सही करून पेन माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं. गुडघ्याच्या वरून पाय काढला.

त्याच आठवड्यात तो पांढऱ्या शर्टाचा माणूस हॉस्पिटलात आला. सहा शहाळी घेऊन. मी बाहेर बाकावर बसलो होतो. तो माझ्या शेजारी बसला, माझ्या पाठीवर हात ठेवला.

"फार वाईट झालं हो, शेट," तो म्हणाला. "खरंच वाईट वाटलं. आम्ही तर काहीच केलं नाही बघा."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मला वाटतं त्याला खरंच वाईट वाटत होतं. तो गेल्यावर मी ती शहाळी उचलून नर्सच्या टेबलाशी नेऊन ठेवली. घरच्या कोणी ती प्यावीत असं मला वाटलं नाही, आणि फेकून देण्याइतकं बळही अंगात नव्हतं.

चाचा दोन दिवसांनी आले. म्हसळ्याहून एसटीने, दोनदा बदलून. धाकट्याजवळ बराच वेळ बसले, त्याच्या कपाळावरून हात फिरवला. मग मला घेऊन जिन्यात आले.

"पडून उडालं म्हणतात."

"हो."

"ते पिस्तूल पडून उडत नाही."

मी जिन्याचं दार ओढून घेतलं.

"प्रयोगशाळेत गेलंय ना ते? तिथले लोक पाडून बघतील. दहा वेळा पाडतील. मग उघडतील. स्प्रिंग बदललेली आहे ते त्यांना एका मिनिटात दिसेल." चाचांनी माझ्या दंडाला धरलं. "तू दुसरा आलास ना, त्या दिवशी तुझं बोट बघूनच मला कळलं होतं. मी बोललो नाही. टाळ्या वाजवल्या. ते माझ्या हिशेबी राहील. पण तुझ्या भावाला खोट्या जबाबात लटकवू नकोस. त्याचा एक पाय गेलाय."

मी तिथेच जिन्यात बसून रडलो. चाचा उभेच होते. वरून खाली जाणारे लोक आमच्या बाजूने वाट काढत होते.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस स्टेशनला जाऊन सगळं सांगितलं. दोरी, मणी, म्यान, ट्रिगर, सगळं. साहेब म्हणाले, "आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "घाबरलो होतो." त्यांनी तेच शब्द लिहून घेतले. त्यांनी पुढे हॉस्पिटलात जाऊन धाकट्याचाही जबाब पुन्हा घेतला. तो माझ्यावर चिडला. पाय गेल्याबद्दल त्याने मला एक शब्द ऐकवला नव्हता, पण यावर आवाज चढवला.

"मी सांगितलं हुतं ना? तुला कुनी विचारलंन? आता गाड्या कोन बघनार, तुला आत टाकल्यावर?"

"खोटं टिकलं नसतं."

"टिकलं नसतं तर बघितलं असतं."

भावजय खिडकीपाशी उभी होती. ती मागे न वळता म्हणाली, "भावोजी खरं बोलले ते बरं झालं. मला कोणाला विचारायचं ते आता माहीत झालं."

पण तिने कधी काही विचारलं नाही. आम्ही एकाच अंगणात राहतो. ती मला वाढते, सणाला पाया पडते, मुलांना माझ्याकडे पाठवते. फक्त मी घरात असलो की ती धाकट्याच्या आणि माझ्या मधे कुठेतरी असते. भाजी निवडत, कपड्यांच्या घड्या घालत. बहुतेक तिच्याही लक्षात येत नसेल.

परवाना रद्द झाला. प्रांत ऑफिसातली सुनावणी पुढे ढकलली गेली, मग पुन्हा लागली. तेव्हा समोरच्या वकिलाने साहेबांना वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं आणि म्हणाला, तक्रारदार हा स्वतःच्या सख्ख्या भावाला जायबंदी करणारा माणूस आहे, त्याच्या सांगण्याला किती किंमत द्यायची ते आपण ठरवावं. फोटो खरे होते, उधाणाचं पाणी खरं होतं. पण मी उभा राहिलो की सगळे माझ्या हातांकडे बघायचे. तक्रार फेटाळली गेली. तिवरांच्या जागी आता लाल मातीचं मैदान आहे, त्याला कुंपण आहे. खालच्या आळीतली दोन घरं विकून लोक पेणला गेले.

धाकट्याला कृत्रिम पाय बसवला. डंपर चालवणं संपलं. तो आता ऑफिसात बसतो, त्याच गाळ्यात, फोनवर गाड्या लावतो. मी त्याला म्हटलं होतं, जागा बदलू, रस्त्यापलीकडे दुसरा गाळा आहे. तो म्हणाला, "भिताडाला भोक न्हाय, काय न्हाय. जागेचा काय गुन्हा?" फरशीचा एक टवका उडालेला आहे. त्यावर त्याने टायर ठेवला आहे.

माझी केस अलिबागच्या कोर्टात उभी राहिली तेव्हा वकील म्हणाले, लढू, निदान लांबवू. मी म्हटलं, नको, कबूल करतो. न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी मला मराठीत, सावकाश विचारलं, की कबुलीचा परिणाम काय होतो ते मला समजलं आहे का, कोणाचा दबाव आहे का. मी नाही म्हटलं. मग त्यांनी धाकट्याला विचारलं. तो काठीवर भार देऊन उठला आणि म्हणाला, "माझी काय तक्रार न्हाय, बाई. तो माझा भाव हाय."

"तक्रार असो नसो, दुखापत झालेली आहे," त्या म्हणाल्या. चिडून नाही. लिहिता लिहिता.

दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा. मला वाटलं होतं तुरुंग होईल, त्याची तयारी करून मी आलो होतो, बायकोने पिशवीत टॉवेल आणि बीपीच्या गोळ्या घातल्या होत्या. शिपायाने मला मागच्या बाकावर बसवलं. म्हणाला, "उठायचं नाही. फोन बंद."

सकाळचे साडेअकरा झाले होते. मी बसलो. माझ्यामागून लोक येत गेले. एका बोटवाल्याचा जाळ्यावरून झालेला वाद. एक घटस्फोटाचं प्रकरण चुकून त्या कोर्टात आलं आणि परत गेलं. एक म्हातारा, त्याला ऐकूच येत नव्हतं. त्याची सून त्याच्या कानाशी ओरडून सांगत होती की तारीख पडली. दुपारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हाही मी तिथेच. धाकटा बाहेर जाऊन दोन वडापाव घेऊन आला, शिपायाला विचारून माझ्या शेजारी बसला. कृत्रिम पाय वाकत नव्हता म्हणून त्याने तो बाकाच्या बाहेर लांब केला. येणारे जाणारे त्याला ओलांडून जात होते.

मी म्हटलं, "तू घरी जा. संध्याकाळ होईल."

"जाऊन काय करू?"

"पाय दुखेल बसून."

"दुखतो तसा बी," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, समोर बघत, "जो न्हाय तोच जास्त दुखतो. डाक्तर म्हनतो, तसं हुतं. मना रातच्याला तिथं खाज येते, दादा. नि खाजवायला काय न्हाय."

एवढ्या दिवसांत त्याने पायाबद्दल मला सांगितलेलं ते पहिलं वाक्य होतं. मी माझा वडापाव त्याच्या हातात दिला आणि त्याने तो खाल्ला.

पावणेसहाला बाई उठल्या, सगळे उभे राहिले. धाकट्याला उठायला वेळ लागला, म्हणून मी त्याला काखेत हात घालून उभं केलं. तोवर बाई आत गेल्या होत्या आणि शिपाई पंखे बंद करत फिरत होता. आमच्याकडे वळून तो म्हणाला, "झालं तुमचं. निघा आता."